मुलीला कोणती लस, आईला कोणती तपासणी? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत पुण्यातल्या घरांसाठी तुलनात्मक आढावा

मुलीला एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी लस द्यायची हे ठरलं, की घरात लगेच पुढचा प्रश्न निघतो: कोणती द्यायची? पुण्यात बालरोगतज्ज्ञाकडे किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेलात तर तीन नावं कानावर पडतात. आपल्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक, परदेशी कंपनीची जुनी गार्डासिल, आणि त्याच कंपनीची नंतर आलेली गार्डासिल ९. एका डोसची छापील किंमत पहिलीची दोन हजारांच्या आसपास, दुसरीची चार हजारांच्या आसपास आणि तिसरीची दहा हजारांच्या वर. एवढा फरक बघितला की कुणाचाही जीव खालीवर होतो. स्वस्तातली दिली तर पोरीच्या बाबतीत हात आखडता घेतला असं वाटत राहतं, आणि महागातली द्यायची तर घरात दोन मुली असल्यावर गणित बसत नाही.

मी सिंहगड रस्त्यावर फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते, आणि या बाबतीत माझं मत पक्कं झालेलं आहे. ते आधीच सांगते. तीन लसींमधली निवड हा या सगळ्यातला सर्वांत हलका निर्णय आहे. त्याहून जड प्रश्न दोन: लस मुलीला कोणत्या वयात मिळते, आणि त्याच घरातल्या आईची तपासणी झालेली आहे का. पुढे आकडे दिलेच आहेत. ते बघून तुमचं मत वेगळं पडलं तरी हरकत नाही, पण निर्णय लांबणीवर टाकू नका.

आजाराची व्याप्ती थोडक्यात. २०२२ या एका वर्षात भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण झाले आणि जवळपास ८० हजार बायका दगावल्या, असा जागतिक अंदाज आहे. आपल्याकडे बायका याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात. जवळजवळ प्रत्येक रुग्णामागे ह्यूमन पॅपिलोमा नावाचा विषाणू, म्हणजे एचपीव्ही असतो. हाराल्ड झुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये या कर्करोगाच्या गाठीत त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार शोधून काढला, आणि त्या कामासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो, की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. त्यात कुणाच्या वागणुकीवर बोट ठेवण्यासारखं काहीही नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्याजणींच्या शरीरात तो ठाण मांडतो, पेशी हळूहळू बदलू लागतात, आणि त्यातून कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं जातात. एवढा वेळ देणारे कर्करोग फार थोडे आहेत.

तीन लसी, शेजारी शेजारी

तिन्ही लसी एकाच पद्धतीने काम करतात. विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एक प्रथिन यीस्टमध्ये तयार करतात आणि त्याची बारीक पोकळ कवचं बनतात. आत विषाणूची जनुकं नसतात. शेंगेचं टरफल आहे, दाणा नाही. त्यामुळे लसीतून संसर्ग होणं शक्यच नाही.

फरक आहे तो किती प्रकारांची कवचं घातली आहेत यात. सर्व्हावॅक आणि गार्डासिल या दोन्हींत चारच प्रकार: ६, ११, १६ आणि १८. यातले १६ आणि १८ कर्करोगाचे. ६ आणि ११ मुळे गुप्तांगावर चामखिळी येतात, कर्करोग होत नाही. गार्डासिल ९ मध्ये त्यांच्या जोडीला ३१, ३३, ४५, ५२ आणि ५८ हे पाच प्रकार आहेत. जगभरातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्क्यांना १६ आणि १८ कारणीभूत असतात, तर वाढीव पाच धरले की हा वाटा ९० टक्क्यांच्या घरात जातो. भारतात मात्र १६ आणि १८ यांचंच प्राबल्य जास्त आहे, ८० टक्के किंवा त्याहून थोडं अधिक. म्हणजे कागदावर चार विरुद्ध नऊ असा दिसणारा फरक आपल्या मुलींच्या बाबतीत बराच आकसतो.

तो फरक खोटा मात्र नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४ हजारांहून अधिक तरुणींवरच्या चाचणीत गार्डासिल ९ ने त्या वाढीव पाच प्रकारांमुळे होणाऱ्या गंभीर बदलांपासून जवळपास ९७ टक्के संरक्षण दिलं. ज्यांना पैशाची ओढाताण नाही, त्यांनी ती जरूर द्यावी. कर्ज काढून, सोनं मोडून किंवा दुसऱ्या मुलीचा डोस पुढे ढकलून देण्याएवढा तो फरक मोठा नाही.

सर्व्हावॅकबद्दल पालकांच्या मनात वेगळीच धाकधूक असते. स्वस्त आहे, आपल्याकडची आहे, मग कमअस्सल तर नसेल? तिला जुलै २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आली. त्याआधी देशातल्या १२ केंद्रांवर सुमारे २,३०० मुलं-मुली आणि तरुण-तरुणींवर तिची गार्डासिलशी थेट तुलना झाली होती. मोजली ती रक्तात तयार होणारी, विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं, आणि चारही प्रकारांच्या बाबतीत सर्व्हावॅक कमी पडली नाही. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या चाचणीत प्रतिपिंडं मोजली, कर्करोग किती टळले हे मोजलेलं नाही. त्याला अनेक वर्षं जावी लागतात. गार्डासिल २००६ पासून वापरात असल्यामुळे तिच्याकडे तो पुरावा आहे. पण ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी गार्डासिललाही मान्यता मिळाली होती ती प्रतिपिंडांच्या तुलनेवरच, कारण त्या वयाच्या मुलींची आतली तपासणी करणं योग्यही नव्हतं आणि शक्यही नव्हतं. हे माहीत असल्यामुळे मला सर्व्हावॅक द्यायला संकोच वाटत नाही. जुन्या गार्डासिलच्या बाबतीत मात्र विचार करा. प्रकार तेच चार, आणि किंमत दुपटीच्या आसपास. पुरावा जुना आहे एवढ्यासाठी वरचे पैसे द्यायचे का, हे तुमच्या मनाच्या समाधानावर अवलंबून.

एक डोस पुरतो का?

लसीच्या माहितीपत्रकात आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशीत ९ ते १४ वयाला सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस आहेत, आणि १५ वर्षं पूर्ण झाली की तीन. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं, की ९ ते २० या वयात एक डोसही चालेल. २१ च्या पुढे दोन. पालक गोंधळतात ते इथे. डॉक्टर दोन सांगतात, मोबाईलवर एक वाचलेला असतो, आणि कुणीतरी आपल्याला लुटतंय असा संशय येतो.

या एका डोसमागचा फार मोठा पुरावा आपल्याच देशातून आला आहे, आणि तो ज्या रीतीने हाती आला ते प्रत्येक पालकाला माहीत असावं असं मला वाटतं. सप्टेंबर २००९ मध्ये भारतात नऊ ठिकाणी १० ते १८ वयाच्या अविवाहित मुलींवर एक अभ्यास सुरू झाला. पुणे त्यातलं एक ठिकाण, आपली बार्शी दुसरं. २०,००० मुली घ्यायच्या, निम्म्यांना दोन डोस द्यायचे आणि निम्म्यांना तीन, असा बेत होता. एका डोसचा त्यात विचारही नव्हता. पण त्याच सुमारास आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये एक वेगळा लसीकरण प्रकल्प चालू होता आणि त्यात लस घेतलेल्या काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध लागला नाही, पण पालकांची संमती ज्या पद्धतीने घेतली गेली होती, तिच्यात गंभीर उणिवा निघाल्या. देशभर गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने असे सगळे अभ्यास थांबवले. तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती. कुणाचे तीनही डोस झाले होते, कुणाचे दोन, आणि ४,९५० मुली अशा होत्या की ज्यांचा पहिला डोस झाला आणि पुढचा कधी मिळालाच नाही.

संशोधकांनी या मुलींची साथ सोडली नाही. त्या मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली, बाळंतपणं झाली. लग्नानंतर ठरावीक काळ गेल्यावर त्यांचे नमुने घेऊन तपासत राहिले. २०२१ मध्ये सुमारे नऊ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १६ आणि १८ या प्रकारांचा संसर्ग ठाण मांडून बसण्यापासून तीन डोसवाल्या मुलींना ९३.३ टक्के संरक्षण होतं, दोन डोसवाल्यांना ९३.१ टक्के, आणि एकाच डोसवर राहिलेल्यांना ९५.४ टक्के. थोडक्यात, तिघींत फरक नाही. अर्धवट राहिलेल्या लसीकरणातून सगळ्या जगाला कमी खर्चात लस देण्याचा रस्ता सापडला. ज्या मुलींनी आणि आयांनी इतकी वर्षं तपासणीला येत राहून हे शक्य केलं, त्यांचं ऋण मोठं आहे.

या अभ्यासात एका डोसचा गट चिठ्ठी टाकून ठरवलेला नव्हता, तो परिस्थितीने तयार झाला होता, ही त्यातली कमतरता. ती भरून निघाली केनियातल्या चाचणीने. तिथे १५ ते २० वयाच्या २,२७५ तरुणींना चिठ्ठीपद्धतीने एक डोस किंवा दुसऱ्याच आजाराची लस दिली होती. दीड वर्षाने १६ आणि १८ विरुद्ध संरक्षण निघालं ९७.५ टक्के.

मग मी काय सांगते? सरकारी लसीकरणात मुलीला एक डोस मिळत असेल, तर तो मनात किंतु न ठेवता घ्या. अर्धवट लस मिळाली असं समजू नका. स्वतःच्या पैशाने सर्व्हावॅक देत असाल तर दोन डोस (१५ वर्षं पूर्ण झाली असतील तर तीन) पूर्ण करा, कारण एका डोसचा हा सगळा पुरावा दुसऱ्या कंपन्यांच्या लसींवरचा आहे आणि सर्व्हावॅकची मान्यता एका डोसची नाही. पहिला डोस झाला आणि दुसऱ्याला वर्ष उलटून गेलं, तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही, राहिलेला तेवढा द्या. आणि मुलीला एचआयव्ही असेल, अवयव प्रत्यारोपण झालेलं असेल, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर वय काहीही असो, तीन डोसच द्या.

वयाचा हिशोब

स्वीडनमध्ये १६ लाखांहून अधिक मुली आणि तरुणींच्या नोंदी तपासून २०२० मध्ये निष्कर्ष आले. सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्यांत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी, आणि १७ ते ३० या वयात घेतलेल्यांत ५३ टक्क्यांनी कमी. इंग्लंडचे २०२१ मधले आकडे तर पायऱ्यांनी उतरतात: बाराव्या-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या मुलींत ८७ टक्के घट, चौदा ते सोळाला ६२ टक्के, सोळा ते अठराला ३४ टक्के. स्कॉटलंडने २०२४ मध्ये सांगितलं, की बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींत त्यांना या कर्करोगाची एकही नोंद सापडली नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. इंग्लंड आणि स्कॉटलंडमधल्या या मुलींना मिळालेली लस ना नऊ प्रकारांची होती ना चारची. ती फक्त १६ आणि १८ या दोनच प्रकारांवरची होती. तीच लस बाराव्या वर्षी दिली तर ८७ टक्के आणि सतराव्या वर्षी दिली तर ३४ टक्के. पुढच्या वर्षी हातात पैसे आले की महागातली देऊ, असं कुणी म्हणालं की मी हे दोन आकडे कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवते.

वडिलांचा प्रश्न वेगळा असतो. "एवढ्यात कशाला? अजून लहान आहे ती." काही जण हे अडखळत विचारतात, आणि त्यांची अडचण मला समजते, मुलीच्या पुढच्या आयुष्याची ती बाजू आत्ता मनात आणणं कुठल्याच बापाला सोपं नसतं. पण लस धोका समोर यायच्या आधीच द्यायची असते, पुढे कधी विषाणू समोर आला तर शरीर तयार असावं म्हणून. शिवाय नऊ ते चौदा या वयात प्रतिपिंडं जास्त तयार होतात, म्हणून तर डोस कमी लागतात. पाळी सुरू झालेली असो वा नसो, फरक पडत नाही. पुढे मूल होण्यात अडचण येते ही भीती जगभर तपासून झाली आहे आणि तिला आधार मिळालेला नाही.

आता आईचं

मुलीच्या लसीची चौकशी करायला आलेल्या आईला मी विचारते, "तुमची तपासणी कधी झाली होती?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "मला काही त्रासच नाही ना मॅडम." त्रास नसतानाच ती करायची असते हे कुणी सांगितलेलंच नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या दोन टक्केही नव्हत्या. लसीचा फायदा मुलीला तीस वर्षांनी दिसेल. आई आज चाळिशीत आहे, विषाणू तिच्या शरीरात आधीच येऊन बसलेला असू शकतो, आणि तिच्या बाबतीत घड्याळ चालू झालेलं आहे. म्हणून घरात पैसे मोजकेच असतील, तर मी लसीच्या नावांवर वाद घालण्याआधी आईची तपासणी करायला सांगते.

तपासण्या तीन आहेत. पहिली व्हीआयए: गर्भाशयाच्या तोंडावर सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बदललेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा डाग उमटतो. यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, निकाल तिथल्या तिथे. सरकारच्या तपासणी कार्यक्रमात ३० ते ६५ वयासाठी दर पाच वर्षांनी हीच ठेवलेली आहे. दुसरी पॅप तपासणी: पेशी खरवडून काचेवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. ती दर तीन वर्षांनी करावी लागते, आणि काच बघणारा डोळा तयार नसेल तर बदल निसटतात. तिसरी एचपीव्ही डीएनए: पेशींत बदल झाले आहेत का हे न बघता, बदल घडवणारा विषाणूच आहे का ते शोधायचं.

कोणती सरस, याचं उत्तरही महाराष्ट्रातच मिळालं. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांना गावांच्या गटांनुसार चार भागांत विभागलं. एका भागात एचपीव्ही तपासणी, एकात पॅप, एकात व्हीआयए, आणि चौथ्यात नेहमीचीच सेवा. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हे काम केलं. आठ वर्षांनी हिशोब मांडला तेव्हा, आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या भागात पुढच्या टप्प्यातले कर्करोग आणि मृत्यू, दोन्ही जवळजवळ निम्म्यावर आले होते. पॅप आणि व्हीआयएच्या भागांत मात्र तसा ठोस फरक दिसला नाही. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभर तपासणीची दिशा बदलण्यात त्याचा मोठा वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटना आज तिसाव्या वर्षापासून दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही तपासणी सुचवते; एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून आणि लवकर लवकर.

व्हीआयए मोडीत काढावी असा मात्र याचा अर्थ नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा रुग्णालयाने दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात, शालेय शिक्षण झालेल्या स्थानिक बायकांना शिकवून दर दोन वर्षांनी व्हीआयए करवली, चार फेऱ्या केल्या, आणि १२ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. एकदाच करून सोडून दिली तर ती कमी पडते, नेमाने केली तर जीव वाचवते. पाळी गेल्यानंतर मात्र तिच्यावर विसंबू नये, कारण जिथे बदल होतात तो भाग आत सरकतो आणि दिसेनासा होतो.

खर्चाचं म्हणाल, तर पुण्यातल्या खासगी प्रयोगशाळांत एचपीव्ही तपासणीला साधारण दोन-तीन हजार लागतात. पाच वर्षांतून एकदा. परवडत असेल तर हीच करा. परवडत नसेल तर ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, महापालिकेचं कमला नेहरू किंवा पिंपरीचं वायसीएम, जे जवळ असेल तिथल्या स्त्रीरोग विभागात विचारा आणि तिथे जी होत असेल ती करून घ्या. पॅप होत असेल तर पॅप. कुठलीच न होण्यापेक्षा कुठलीही बरी.

नमुना घेताना काय होतं याची बायकांना फार भीती असते, म्हणून मी आधी ब्रश त्यांच्या हातात देते. पेन्सिलीएवढा लांब, टोकाला मऊ प्लास्टिकचे केस. तो आत ठेवून एकाच दिशेने पाच वेळा फिरवायचा आणि टोक औषधाच्या छोट्या बाटलीत बुडवायचं, संपलं. टोचत नाही, टाका नाही, भूल नाही. एचपीव्हीचा नमुना तर बाई स्वतःही घेऊ शकते, आणि योग्य किट वापरलं तर डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच तो भरवशाचा ठरतो. तपासणीच्या टेबलावर जायला ज्या संकोचतात त्यांनी हा पर्याय आहे का ते प्रयोगशाळेत विचारावं.

निकाल पॉझिटिव्ह आला की रडारड होते. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. पुढे बघायची गरज आहे एवढंच. दुर्बिणीतून, म्हणजे कोल्पोस्कोपीने बघतात, बदल सापडलेच तर तेवढा भाग उष्णतेने जाळतात किंवा तारेने कापून काढतात. बहुतेक वेळा भरती न होता काम होतं आणि पिशवी जागेवर राहते. आजार पुढे गेल्यावर सापडला तर काय, तेही सांगते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातल्याही रुग्ण असलेल्या एका चाचणीत, नेहमीच्या किरणोपचार-केमोच्या आधी सहा आठवडे केमो दिल्यावर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर गेलं. ही मोठी प्रगती आहे. तरीही शंभरातल्या वीस जणी राहतातच, आणि ओपीडीतल्या काही मिनिटांच्या उपचाराशी त्या सगळ्या त्रासाची तुलना होऊ शकत नाही.

भीतीपोटी निवडला जाणारा आणखी एक पर्याय आहे, आणि तो मला फार अस्वस्थ करतो: पिशवीच काढून टाका, म्हणजे चिंता मिटली. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, आणि पुढे कॅन्सर होईल असं कुणीतरी मनात घालून देतं, की पस्तिशीतल्या बाईची पिशवी निघते. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या बाबतीत हे किती थराला गेलं ते सगळ्या महाराष्ट्राने २०१९ मध्ये वाचलं. तपासणी न करता, लेखी निदान हातात नसताना पिशवी काढायला होकार देऊ नका. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. उलट, संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसलं असेल, घाण वासाचं पाणी जात असेल, तर वरच्या तीन तपासण्यांत अडकू नका. सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.

आईने लस घ्यावी का, हाही प्रश्न येतो. घेतली तर अपाय नाही, पण विषाणू आधीच येऊन गेलेला असेल तर लस त्याला हुसकत नाही. स्वीडनमध्ये विशीतच फायदा निम्म्यावर आला होता. चाळिशीत तो आणखी कमी. तो पैसा तपासणीत घाला. मुलाला द्यावी का? सर्व्हावॅक मुलांसाठीही मान्य आहे, आणि गुदद्वार, शिश्न, घसा यांचे काही कर्करोग तिने टळू शकतात. तोंडाच्या कर्करोगासाठी मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नका, आपल्याकडे तो मुख्यतः तंबाखू, गुटखा आणि सुपारीचा आहे. क्रम लावायचाच तर मुलगी, मग आईची तपासणी, मग मुलगा.

पैशाच्या भाषेत एकदा बघा. गार्डासिल ९ चे दोन डोस एका मुलीला दिले तर वीस हजारांच्या वर जातात. तेवढ्यात दोन मुलींना सर्व्हावॅकचे दोन-दोन डोस होतात, आईची एचपीव्ही तपासणी होते, मावशीची होते, आणि वर थोडे उरतात. चार बायकांचा बंदोबस्त एका मुलीच्या वाढीव दहा-बारा टक्क्यांपेक्षा मला मोलाचा वाटतो. किमती बदलत असतात, तेव्हा खोक्यावरची छापील किंमत बघा, आणि सरकारी लसीकरणात मुलीचं वय बसतंय का हे पालिकेच्या दवाखान्यात आधी विचारा. बसत असेल तर खर्चाचा प्रश्नच उरत नाही.

प्रत्यक्ष द्यायला जाताना: मुलीला उपाशीपोटी नेऊ नका. या वयात सुई बघून चक्कर येते, म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसवा. हात दुखतो, कधी अंग कोमट होतं, एक-दोन दिवसांत उतरतं. यीस्टची तीव्र ॲलर्जी किंवा आधीच्या डोसला तीव्र प्रतिक्रिया आली असेल तर आधी सांगा. धनुर्वाताची दहाव्या वर्षाची लस त्याच दिवशी दुसऱ्या हातावर चालते. पाळी चालू असेल तरी मुलीची लस होते, आईची तपासणी मात्र पाळीच्या दिवसांत होत नाही, तेव्हा तारीख त्या हिशोबाने धरा. पहिला डोस दिवाळीच्या सुट्टीत दिला तर दुसरा मे महिन्याच्या सुट्टीत येतो आणि शाळा बुडत नाही. दोन्ही वेळा आईला मुलीबरोबर यायचंच असतं. त्यातल्या एका खेपेला स्वतःचा नमुनाही देऊन टाकावा, आणि निकालाचा कागद मुलीच्या लसीच्या कार्डाबरोबर एकाच फायलीत ठेवावा, म्हणजे पाच वर्षांनी शोधाशोध नको.